मुलीच्या बापाची फुंक

माझ्या नशिबी दोन दमेकरी आले, एक सासरा आणि एक बाप. सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो, वडलांना आप्पा. दादा नारायणगावचे, आप्पा आळ्याचे, आणि थंडी पडली की दोघांच्या छातीतून शिट्टी मात्र एकच वाजते. नारायणगावातल्या एका दवाखान्यात दम्याच्या नव्या औषधाचा अभ्यास सुरू होणार असं कळलं, तेव्हा मीच दोघांची नावं घातली. वर्षभर छाती तपासून मिळणार होती. गेल्या थंडीत आप्पांना उचलून जीपमध्ये घालावं लागलं होतं, त्यामुळे त्यांना तरी यात बसवायचंच, असं मी मनाशी धरलं होतं.

सिस्टरनी समजावलं. काहींना नवं औषध, काहींना जुनंच, पंप दिसायला सारखे. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"डॉक्टरलाबी ठावं न्हाई?" दादा म्हणाले. "मग त्यो आमच्यासारकाच की."

मग फुंकायचं मशीन. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मशीनवाला "फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून" असा ओरडतो, शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटल्यावर ओरडतात तसा. फुंक ठरल्यापेक्षा कमी भरली तरच माणूस अभ्यासात बसणार. त्यासाठी सकाळपासून पंप मारायचा नाही, हे मी दोघांना घसा फोडून सांगितलं होतं.

दादा संडासात जाऊन पंप मारून आले. व्याह्यांसमोर फुंकायचं म्हणजे काय चेष्टा आहे का राव! असे फुंकले, की डॉक्टरच विचारायला लागले, आजोबा, तुम्हाला दमा आहे ना नक्की? तुम्ही यात बसत नाही, असं सांगितलं तर दादांनी त्याचा अर्थ पास झालो असा घेतला. खाली जाऊन पेढे आणले आणि पहिला डॉक्टरांच्याच हातावर ठेवला. मी कपाळाला हात लावला.

आप्पा खुर्चीत बसले, तर दादा पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारी उभे. "फुंका पावणं, लाजू नगा." आप्पांनी चहावर मारावी तशी फुंकर मारली. परत सांगितलं, परत तशीच. हे जोरच लावत नाहीत, ही फुंक धरता येणार नाही, पुढच्या आठवड्यात आणा, असं मशीनवाला म्हणाला.

बाहेर आल्यावर मी आप्पांना झापलं.

"मुलीचा बाप हाय मी," ते हळूच म्हणाले. "व्याह्यांच्या वरताण कसं फुंकायचं? बरं दिसतं का?"

दादांना हे इतकं पटलं की त्यांनी आप्पांच्या तोंडात पेढाच घातला. लग्नात आहेरावरून रुसलेली ही माणसं, आता फुफ्फुसांचाही मानपान करायला निघाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात दादांना मी टोमॅटोच्या गाडीबरोबर मार्केटला धाडलं आणि आप्पांना एकट्यांना नेलं. पडदा ओढला. "आता इथं व्याही नाही न् कुणी नाही. फुंका."

आप्पा फुंकले. मानेच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं, पायातली चप्पल निसटली. मशीनवाल्यानं कागद बघितला, मागचा कागद काढून शेजारी धरला आणि उठून डॉक्टरांना घेऊन आला. दोन्ही कागदांवर आकडा जवळजवळ तोच होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या कमी श्वासावर यांना अभ्यासात घेता येणार नाही, आधी दाखल करा, आजच.

आप्पा धापा टाकत होते. "त्या दिवशीबी सगळा जोर लावला व्हता," ते म्हणाले. "पर चारचौघांत सांगू कसं?"

मला रडू फुटलं, आणि रागही आला. त्यांच्या नाकाचा चिमटा काढत मी म्हटलं, "अहो, मला तरी सांगायचं ना, आप्पा."

"तू त्यांच्याच घरची न्हवं आता?" ते म्हणाले.