मटार सोलताना

मटार सोलताना कुणी कुणाकडे बघत नाही, तरी केवढं बोलणं होतं! काल शेजारच्या काकूंबरोबर सोलायला बसले आणि आई गेल्याचं सगळं दुःख सांगून मोकळी झाले.

हेच सांगायला मी समुपदेशकांकडे गेले होते. मी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की माझे शब्द हरवतात. तसं स्पष्ट सांगितलंही. ते म्हणाले, "आधी माझ्याकडे बघून बोलायची सवय करू. आईचं नंतर."

कित्येक भेटी त्या सवयीतच गेल्या. मला नजर दुरुस्त करून घ्यायची नव्हती हो, मला रडायचं होतं!

शेवटच्या भेटीत मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. ते खूश झाले. आईचं नावसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही.