दादूच्या मेंडोलिनची पाठ

मोरा बंदरात दादू कोळ्याइतका मायाळू माणूस शोधून सापडला नसता. आणि त्याच्याइतका संशयी माणूस शोधायची गरजच नव्हती, जेट्टीवर पाय ठेवला की तोच तुम्हाला शोधून काढायचा. मुंबईच्या लाँचमधून कोणी अनोळखी उतरला की जाळं शिवता शिवता दादूची मान वर व्हायची. "हा कोनाकडं आला? आनि आजच का आला?" व्यापारी मासळी तोलायला लागला की हा वाकून ताजव्याच्या खाली बघणार. देवळात नारळ फोडला तर हातात आलेलं शकल आपल्याच नारळाचं आहे ना, हेही उलटून पाहणार. त्याची बायको मैना म्हणायची, "यांना पाठीला पन डोळे दिले असते देवानं, तर मान तरी दुखली नसती."

आता असल्या माणसाला मेंडोलिन करायचं वेड कसं लागलं, ते ऐका. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेची ही वर्षं. शेजारच्या आगरी गावातला कमळाकर मिठागरावर मुकादम होता, आणि दादूचा जुना दोस्त. मुंबईच्या एका लग्नबँडात चार वर्षं काढून तो मेंडोलिन वाजवायला शिकून आला होता. एकदा चोरबाजारातून त्याने एक फुटकं मेंडोलिन आणलं. दादू, कमळाकर आणि होड्या बांधणारा पंढरी सुतार, तिघांनी मिळून ते उघडलं. आत बघतात तर काय, नुसत्या पातळ फळ्या आणि दोन काड्या. दादू म्हणाला, "यात होडीपेक्षा काम कमीच हाय." झालं. तिथून पुढे तिघांचं डोकं फिरलं ते फिरलंच. कमळाकरने गिटार करायला घेतली, पंढरीने आणि दादूने मेंडोलिनं. गोदीतून आलेल्या देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या, फणसाचं लाकूड, पितळेची तार, जे हाताला लागेल ते घरात यायला लागलं. मैनेच्या पाट्याचा वरवंटासुद्धा फळी दाबून ठेवायला म्हणून गेला, तो महिनाभर परत आला नाही.

बैठक भांगाला. भांग म्हणजे प्यायची नव्हे. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मरतो, त्याला कोळी भांग म्हणतात. पाण्याला ओढ नसली की प्रवाहात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात मासळी येत नाही, होड्या किनाऱ्याला लागतात. मिठागरात पाणी घ्यायचं तेही उधाणालाच, म्हणून कमळाकर मोकळा. पंढरी तर कामातून उठून यायला टपलेलाच असायचा. दुपारी दादूच्या पडवीत तिघं जमायचे, चटई टाकायची, आणि ज्याने त्याने आपलं वाद्य मधे ठेवायचं.

बैठकीचा एक नेम होता. वाद्य मधे ठेवलं की मालकाने तोंड मिटायचं. दुसऱ्या दोघांनी ते हातात घ्यायचं, उलटंसुलटं करायचं, बोटाच्या पेराने ठोकायचं, नाकाला लावायचं, आणि जे जे चुकलंय ते बोलायचं. मालकाने हूं की चूं करायचं नाही. नेम कमळाकरने घातला होता, आणि तो फार शहाणा नेम होता. आपल्या पोराची खोड आपल्याला दिसत नाही तसंच हे. पंढरीच्या मेंडोलिनची मान वाकडी होती ती अशीच सरळ झाली. कमळाकरच्या गिटारच्या पोटात एक काडी सुटली होती ती दादूने नुसत्या ठोक्यावरून सांगितली होती.

पण दादूने स्वतः हा नेम मोडला. त्याचं एक गुपित होतं. पंढरी आणि कमळाकर फळ्या जोडायला बाजारचं सरस वापरायचे. दादूने घोळ माशाचा भोत, म्हणजे त्याच्या पोटातली हवेची पिशवी, वाळवून, शिजवून, त्याचं सरस केलं होतं. व्यापारी जो भोत सोन्यासारखा जपून नेतात, तो याने चुलीवर आटवला. चिकटही असा की फळी फुटेल पण जोड सुटायचा नाही. हे दोघांना कळलं तर उद्या सगळ्या बंदराला कळेल, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून बैठकीत मेंडोलिन मधे ठेवताना तो पाठीला मैनेचं जुनं लुगडं गुंडाळून ठेवायचा. "पाठ अजून ओली हाय," म्हणायचा.

"किती भांग ओली राहनार तुझी पाठ?" कमळाकरने एकदा हसत विचारलं. "दाखव की."

झालं, दादूच्या डोक्यात तिथेच किडा शिरला. याला माझी पाठच का बघायची आहे?

त्या वर्षी माघात चंदाचं लग्न ठरलं. चंदा दादूची एकुलती एक लेक. तिने बापाकडे साडी मागितली नाही, डागदागिने मागितले नाहीत. म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला तुमचं मेंडोलिन पायजे. आनि वाजवायचं कमळाकरकाकानं." दादूला स्वतःला धड एक सूर काढता येत नव्हता, हे साऱ्या घराला ठाऊक. कमळाकरने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या दिवसापासून दादूला दुसरं काही सुचेना. पोर सासरी जायच्या आधी आपल्या हातचं लाकूड तिच्यासाठी बोललं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच ते उसवायला लागलं. मेंडोलिन माळ्यावर ठेवलेलं होतं, सुक्या बोंबलाच्या टोपलीशेजारी. एका बैठकीनंतर दादूने काढून बघितलं तर पाठीचा जोड बोटभर उघडा. त्याने परत चिकटवला. पुढच्या भांगानंतर परत उघडा, आणि कडेने बारीक बारीक टोचे. दादूने ते खिडकीच्या उजेडात धरले, डोळे बारीक केले. हे पटाशीचे घाव. कोणीतरी जोड उचकटून आत बघतंय. कोणीतरी म्हणजे कोण? पंढरीची पटाशी रुंद, होडीची. बारीक पटाशी एकाकडेच होती. छत्रीची काडी घासून कमळाकरने ती गिटारसाठी केली होती, आणि सगळ्यांना कौतुकाने दाखवलीही होती.

मग दादूला सगळंच दिसायला लागलं. कमळाकर बैठकीला लवकर का येतो? मैनेकडे पाणी मागून आत चुलीपर्यंत का डोकावतो? पडवीत बसल्या बसल्या नाक वर करून वास का घेतो? दादूने मेंडोलिन माळ्यावरून काढलं आणि माजघरातल्या तांदळाच्या कणगीत पार खाली पुरून ठेवलं. तिथे कोणाच्या बापाला सापडणार नाही, असं त्याला वाटलं. आठ दिवस तो निवांत झोपला.

भांगाच्या दुपारी तो जेट्टीवरून आला तर कमळाकर आधीच पडवीत, हातात पाण्याचा तांब्या. पंढरी मागून येत होता. दादू सरळ आत गेला, कणगीत हात घातला, मेंडोलिन वर काढलं. पाठ अर्ध्यापर्यंत उघडी.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून पंढरी बसता बसता थांबला.

"तुझी पटाशी दे," दादू म्हणाला.

कमळाकरने खिशातून काढून दिली. दादूने ती एका टोच्यात घातली, दुसऱ्यात घातली. "बसली. बघ पंढरी, बसली."

"दाद्या, कुठलीबी बारीक वस्तू बसंल त्यात," पंढरी म्हणाला.

"तू गप. कमळ्या, माझ्या घरात बसून, माझ्या बायकोच्या हातचं पानी पिऊन, माझीच चोरी? विचारलं असतंस तर नसतं सांगितलं मी?" नसतंच सांगितलं, पण ते तेव्हा त्याला कोण म्हणणार. आवाज ऐकून शेजारची गोजरा दारात आली, तिच्यामागून आणखी दोघीतिघी.

कमळाकरने हात पुढे केला. "आन इकडं. पाठ बघू दे मला."

दादूने मेंडोलिन छातीशी ओढलं. "अजून चोरायचं काय राहिलं?"

चारचौघांत चोर म्हणवून घ्यायची वेळ मिठागरावर शंभर माणसं हाकणाऱ्या कमळाकरवर आली.  त्याने गिटार उचलली आणि तो चालू लागला. पटाशी दादूच्याच हातात राहिली. आत चंदा दाराआड उभी होती, ती त्या दिवशी जेवली नाही.

दादूने परत भोत शिजवला, परत जोड चिकटवला, परत कणगीत पुरलं. आता चोर गेला, आता कसली भीती. हळद जवळ येत होती. वाजवायला दुसरा कोणी बघू, असं तो म्हणायचा, पण मोऱ्यात मेंडोलिन वाजवणारा दुसरा होता कुठे? मग एक दिवस त्याने कणगीत हात घातला. पाठ उघडी.

कमळाकर तर उंबऱ्यालाही शिवला नव्हता. दादू खाली बसला. मग त्याला पंढरी आठवला, पण पंढरी त्या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळलेला. मग, देवा रे, त्याची नजर मैनेकडे वळली.

"घरात कोन येऊन गेलं?" त्याने विचारलं. "खरं सांग. तू कोनाला कनगी दाखवलीस?"

मैना भाकऱ्या करत होती. तिने हात झटकले, पदर खोचला, कणगीजवळ आली आणि दोन्ही हातांनी ती भरल्या घरात आडवी केली. तांदूळ माजघरभर पसरला. त्यातून ताटातल्या वांग्याएवढा उंदीर निघाला, दादूच्या पायावरून गेला आणि मोरीत पसार झाला. तांदळात लेंड्या, आणि भोताच्या सरसाचा कुरतडलेला पापुद्रा.

"घ्या," मैना म्हणाली. "ही तुमच्या कमळाकरची पटाशी." आणि मग तिथेच बसून ती रडायला लागली, तांदळासाठी नव्हे.

पुढच्या भांगाला दादू कमळाकरच्या गावी गेला. काखेत मेंडोलिन, लुगडं नाही, काही नाही. वाटेत मिठाच्या राशींमधून जाताना लोक बघत होते. कमळाकर ओट्यावर बसला होता. दादूने मेंडोलिन त्याच्यासमोर पालथं ठेवलं, पाठ वर करून, शेजारी ती पटाशी ठेवली, आणि तोंड मिटून बसला. मालकाने बोलायचं नाही. माफी मागायला तोंड नव्हतं, तेव्हा नेम त्याच्या मदतीला आला.

कमळाकरची बायको यशोदाबाई पाणी ठेवून मुकाट्याने आत गेली.  मग कमळाकरने मेंडोलिन उचललं. पाठीवर पेराने ठोकलं, कडेने अंगठा फिरवला, जोड नाकाला लावला.

"घोळीचा भोत," तो म्हणाला.

दादूने मान खाली घातली.

"हा वास मला पयल्याच बैठकीला आला होता. मला वाटलं, कोळ्याचा हात, वास यायचाच." तो जरासुद्धा हसला नाही. "चिकट बरा हाय. पन बाहेर सांडलेला पुसला नाय तू. उंदराला ताट वाढून ठेवलंस. वर माळ्यावर बोंबलाशेजारी ठेवलंस, तिथून काढून धान्यात पुरलंस. जोड कोरडा झाला की ओल्या फडक्यानं पुसून वरून राळेचा हात मारायचा, म्हंजे तोंड लावनार नाय. पाठ एकदा जरी मधे ठेवली असतीस, तर तवाच सांगितलं असतं."

दादूने पटाशी त्याच्याकडे सरकवली.

"मान बरी झालीय," कमळाकर म्हणाला. "आवाज येईल. हळदीला मी येईन. चंदाला शब्द दिलाय." मग त्याने मेंडोलिन मांडीवर आडवं घेतलं आणि पहिल्यांदा दादूकडे बघितलं. "पन तुझ्या पडवीत बैठकीला नाय येनार मी, दाद्या. मी काय बी हातात घेतलं की तुझे डोळे माझ्या हातावर असतील. तसं मला जमायचं नाय."

नाही रे, असं म्हणायला दादूने नेम मोडून तोंड उघडलं. आणि तेव्हा त्याला कळलं की कमळाकर बोलत होता तो सगळा वेळ आपण त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो. आपण बघत होतो त्याच्या उजव्या हाताकडे, जोडाजवळ अंगठा कुठे जातो तिकडे. सवयीने. दादूने तोंड मिटलं. 

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बायकांची गाणी चालली होती. कमळाकर आला, मैनेच्या हातातून मेंडोलिन घेतलं, तारा लावल्या आणि चंदाच्या चौरंगासमोर बसला. पाठीवर राळेचा तांबूस हात होता आणि आवाज असा निघाला की गाणाऱ्या बायकांनी टाळ्या धरल्या. हळदीने माखलेली चंदा एकदा काकाकडे बघे आणि एकदा बापाला शोधत मांडवभर बघे.

बाप मांडवाच्या कडेला, खांबाजवळ बसला होता. समुद्राकडे तोंड करून, वाजवणाऱ्याकडे पाठ करून. गोजरा तिच्या सुनेच्या कानाशी लागली, "बघ, अजून राग गेला नाय मेल्याचा." पंढरी उठून त्याला वळवायला निघाला, तर मैनेने त्याचा हात धरला.

"बसू दे त्यांना तसंच," ती म्हणाली. "आज पयल्यांदा ते बघत नायत."

कमळाकरनेही ती पाठ बघितली असावी. कारण एक गाणं संपलं तेव्हा तो उठला नाही, त्याने लगेच दुसरं घेतलं. बायका दमून पाणी प्यायला उठल्या तरी तो वाजवतच होता आणि दादू पाठ करून ऐकत होता.