तारखेचा प्रश्न

विज्ञानाच्या बाई एकोणीस वर्षं मुलांना वादविवाद शिकवत होत्या. बाजू चिठ्ठीने ठरायची. पटो न पटो, हाती येईल ती बाजू जीव तोडून मांडायची, हा त्यांचा नियम.

यंदाचा विषय होता 'तापमानवाढीची भाकितं विश्वासार्ह आहेत'. एका जुन्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण 'विरोधात' अशी चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेत आली.

"बाई, ताई म्हणते तुमच्याकडे एक प्रश्न आहे. समोरच्याची बोबडीच वळते म्हणे."

बाईंच्या हातातली परीक्षानळी तशीच राहिली.

सात वर्षांपूर्वी ताईलाही हाच विषय आणि हीच बाजू आली होती. बाईंनीच तिला पढवलं होतं, "आकड्यांच्या नादी लागू नकोस. एवढंच विचार, समुद्राचं पाणी घरात कधी शिरणार? तारीख सांगा." समोरची मुलं गांगरली, सभागृह हसलं, स्पर्धेची ढाल शाळेत आली. पुढे किनाऱ्यावरची घरं उंचावर हलवायला अधिकारी आले, तेव्हा वडिलांच्या वतीने तिने त्यांनाही तेच विचारलं. तेही हात हलवत परत गेले. ताईचं घर हललं नाही. दोन वर्षांनी समुद्र आत आला आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला बाहेर काढणं कुणालाच जमलं नाही.

ताईने कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटली की "बऱ्या आहात ना, बाई?" एवढंच. देवापुढे डोळे मिटले की बाईंना आजी दिसायची, कधी पाहिलेली नसूनही.

"सांगा ना. का ढाल एकट्या ताईचीच?" धाकटी म्हणाली.

बाई समोरच्या बाकावर बसल्या. "मला विचार, पाणी कधी येणार, तारीख सांगा."

धाकटीने ठसक्यात विचारलं.

"तारीख कुणालाच सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "धोका किती वाढलाय, एवढं सांगता येतं. ब्रेक निकामी झालेली गाडी नेमकी कुठे आपटेल ते ठाऊक नाही, म्हणून आत कुणी बसून राहत नाही."

"मग मी हरलेच की."

"दोन्ही बाजूंना हे शिकवणार आहे मी."

धाकटी लिहिता लिहिता थांबली. "हे उत्तर तुम्हाला तेव्हा येत होतं?"

"येत होतं."

"मग ताईला का नाही सांगितलंत?"

वेळ नव्हता, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. "मला ढाल हवी होती."

धाकटीने वही मिटली. "मी ताईला सांगणार."

"तू नको," बाई उठल्या. "ती आत्ता घरी असेल ना? मीच येते."