शेततळ्यावर उतरलेला परका हंस

मित्रांनो, मी इथे फारसं लिहीत नाही. वडील, आमचे आबा, गेल्यापासून तर नाहीच. आज मात्र लिहावंसं वाटलं.

सकाळी लासुर्ण्यात आमच्या शेततळ्यावर एकच रानहंस उतरला. उजनी धरणावर दर हिवाळ्यात येणारे पट्टकदंब हंस आपण ओळखतो. हा त्यांतला नव्हता. गुलाबी चोच, कपाळ पांढरं, पोटावर काळे पट्टे. पक्षी बघणाऱ्या मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, "हा आपल्याकडं येतच नाही. थव्यातून चुकलाय. फक्त खायला घालू नका, माणसाला सरावेल."

तोवर शेजारचे तात्या आईला म्हणाले होते, "वैनी, आबाच आल्यात बघा तुमास्नी भेटायला."

"त्यास्नी कुठं पवायला येत हुतं?" आई म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग पदरात ज्वारी घेऊन तळ्यावर गेली. मला तिला अडवता आलं नाही.

दुपारपर्यंत हंस दाण्यांसाठी पार बांधावर चढू लागला. तिथंच कुत्रं त्याच्यावर झेपावलं. जेमतेम वाचला तो. आईनं उरलेली ज्वारी घरात नेऊन ठेवली. "माझ्या नादानं ऱ्हायला तर मरंल त्यो," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तो उडाला, उजनीच्या दिशेनं. आई बराच वेळ तिकडं बघत होती. "त्याला त्याचं कुणी गावंल का रं?"

उजनीच्या पाण्यावर असे हंस तुमच्यापैकी कुणाला दिसलेत का? एखादा जरी दिसला असेल तरी कळवा. आईला सांगायचं आहे.