आधी आपली डिस्क

कळंबा रोडला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एकजण कॉम्प्युटर दुरुस्त करतात. गिऱ्हाईक नसलं की एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लिहितात, नव्या वेगवान डिस्क तिच्यावरही चालाव्यात म्हणून. ती सिस्टिम जगात मोजकीच माणसं वापरतात. ड्रायव्हर फुकट, कुणीही घ्यावा. काही विचारलं की आधी चष्मा शर्टाला पुसतात, मग बोलतात.

नवा ड्रायव्हर पहिल्यांदा स्वतःच्या डिस्कवर चढवतात आणि काम चालू असतानाच प्लग उपटतात, अचानक वीज गेली तरी डिस्क शाबूत राहते का ते बघायला. त्या डिस्कवर त्यांच्या वारलेल्या आईचे रेकॉर्ड केलेले फोन होते. बहुतेक सगळे "जेवलास काय?" एवढेच.

"अहो, कॉपी तरी ठेवा की," मी एकदा म्हणालो.

चष्मा पुसून झाला. "कॉपी ठेवली की भ्या जातंय. भ्या गेलं की काम बिघडतंय, मालक."

परवा प्लग परत लावल्यावर डिस्क उघडलीच नाही. त्यांनी चष्मा न पुसता नेटवर सगळ्यांसाठी लिहून टाकलं, 'हा ड्रायव्हर वापरू नका. चूक माझी आहे.'

चार वाजता त्यांचा डबा तसाच बांधलेला दिसला. "जेवलासा काय?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी माझ्या दुकानात परत गेलो.