इंग्रजीच्या तासाला बाहेर

"वसतिगृहवाले, बाहेर."

इंग्रजीच्या तासाची घंटा झाली की सर एवढंच म्हणायचे. आम्ही उठायचो. आम्ही म्हणजे बौद्धांची पोरं आणि जंगलाकडच्या गावांतली गोंड पोरं. शाळेमागे वांग्याचे वाफे होते. त्यांना पाणी घालायचं. तास संपेपर्यंत घालायचं.

मी आठवीत होते. माझं गाव मार्कंड्याजवळ, वैनगंगेकाठी. तिथल्या मास्तरांनाच इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सातवीपर्यंत मला नुसती अक्षरं आली. तालुक्याच्या शाळेत शिकू, अशी आशा होती. एकदा धीर करून विचारलं, "सर, आमाले इंग्रजी काऊन नाई शिकवत?"

सर म्हणाले, "तेंदूपत्ता काय इंग्रजीत तोडणार आहेस?"

वर्ग हसला. राईस मिलवाल्याचा पोरगा बाकावर हात आपटून आपटून हसला. मी बादली घेऊन बाहेर गेले. अंगाची नुसती आग झाली होती आणि हातात पाणी होतं.

खिडकीबाहेर उभं राहून विद्या मिळवल्याच्या गोष्टी लोकांना फार आवडतात. मला खिडकीबाहेर काही मिळालं नाही. सर एक ओळ वाचायचे, तिचा मराठी अर्थ सांगायचे, पोरं एका सुरात ओरडायची. माझ्यापर्यंत फक्त गलका यायचा. डोकं होतं, हौस होती, आणि माझे तास वांगी खात होती.

मग एक दिवस शाळेत हॉलंडची बाई आली. तिचा नवरा सागाच्या जंगलाचा अभ्यास करायला आला होता. ती तिकडे शाळेत शिकवायची, म्हणून जंगल खात्याचे साहेब तिला आमची शाळा दाखवायला घेऊन आले. त्या दिवशी वाफे कोरडे राहिले. सर आम्हाला म्हणाले, "मागे बसा. तोंड उघडायचं नाही."

बाईने राईस मिलवाल्याच्या पोराला इंग्रजीत विचारलं, सकाळी काय खाल्लंस? पोरगा ताडकन उभा राहिला, हाताची घडी घातली आणि गाईवरचा निबंध सुरू केला. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. सरांच्या वर्गात इंग्रजी म्हणजे उभं राहून म्हणायची गोष्ट. उत्तर द्यायची ती नव्हेच. निबंध शेवटापर्यंत गेला. सरांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली.

बाई चालत मागे आली. मला तोच प्रश्न विचारला, हात तोंडाकडे नेऊन. मला कळलं. मी म्हणाले, "राईस."

सर धावत आले. साहेबांना म्हणाले, "हिला नका विचारू. सवलतीवाली आहे. हिला काही येत नाही."

माझ्या देखत म्हणाले. उत्तर दिलेलं असताना म्हणाले. साहेबांनी मान हलवली.

जाताना बाई जे बोलली, ते साहेबांनी वर्गाला मराठीत सांगितलं. बाईच्या देशात इंग्रजी कुणाच्याच घरची भाषा नाही. तीही शाळेतच शिकली. तिथे पोरं आधी बोलतात, चुकतात, पुन्हा बोलतात, लिहिणं मागून येतं. सर हसून म्हणाले, "आपल्याकडे पद्धत वेगळी आहे."

हो, वेगळीच. तिथे चुकणाऱ्याला बोलू देतात, इथे चुकायच्या आधीच बाहेर काढतात.

पण माझ्या डोक्यात दुसरंच अडकलं. ही गोरी बाईसुद्धा इंग्रजी घेऊन जन्मली नव्हती. आणि आम्हाला सरांचं वागणं रोज सांगत होतं की तुमच्या जन्मातच ते नाही. म्हणजे खोटं होतं. जन्माच्या नावाने आम्हाला सांगितलेल्या बाकी सगळ्या गोष्टींसारखंच धडधडीत खोटं. मला रडू आलं नाही, संताप आला.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली.

"वसतिगृहवाले, बाहेर."

बाकीचे उठले. मी बसून राहिले.

"ऐकू येत नाही काय?"

"येते, सर."

"मग ऊठ. तुला इंग्रजी येत नाही."

"येत नाई म्हणूनच त बसली."

या वेळी कुणी हसलं नाही. सर जवळ आले. "वसतिगृहातून नाव कापायला लावीन."

नाव कापलं असतं तर शाळाच संपली असती. गावापासून रोज यायला रस्ताही नव्हता, एसटीही नव्हती.

"कापा, सर. पण कापेपर्यंत मी इथीच बसतो."

त्यांनी छडी मारली. मी बाक धरून ठेवला. नाव कापलं नाही, पण शिकवलंही नाही. वर्षभर माझ्याकडे बघितलं नाही की एक प्रश्न विचारला नाही. वर्षाच्या शेवटी मी इंग्रजीत नापास झाले.

घरी गेले तेव्हा बाप उन्हाळी धान उडवत होता. निकाल ऐकून त्याने सूप खाली ठेवलं. म्हणाला, "आता का करतं, बाई?"

"परत त्याच वर्गात बसतो."

"अन् तो मास्तर पुना नापास करन त?"

"करू दे. मी उठत नाई."