दुकानाचा हिरवा पडदा

माझ्या वर्गातल्या दुकानात काहीच विकत मिळत नसे. मातीची वांगी, कागदाच्या लगद्याचे टोमॅटो, मिरच्या, सगळं मी फळीला डिंकाने घट्ट चिकटवलं होतं. हरवायला नको म्हणून. दुसरीतली पोरं हात मागे बांधून दुकानासमोर उभी राहायची आणि विचारायची, "बाई, वांगी बघून झाली. आता काय करू?"

हल्ली नातीच्या शाळेतून सुनेच्या मोबाईलवर फोटो येतात. "आई, बघा ना, लर्निंग सेंटर केलीत वर्गात. प्रत्येक कोपऱ्यात वेगळं काहीतरी." मी चष्मा चढवते आणि आधी एकच बघते, वांगी सुटी आहेत की चिकटवलेली.

आमची शाळा मालाडला, खाडीच्या बाजूला. खोल्या कमी, म्हणून एकाच वर्गात सकाळी माझी दुसरी भरायची आणि दुपारी माझ्या मैत्रिणीची. रोज साडेबाराला दारात आमची गाठ. माझ्या डब्यात तिचा हात, तिच्या डब्यात माझा. तिच्यापासून मी काही लपवलं नव्हतं, अगदी सासूबद्दलचं मतसुद्धा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी चार कोपरे केले. वाचनाचा, गणिताचा, मोजमापाचा आणि दुकानाचा. घरात फराळाच्या डब्यांऐवजी पुठ्ठे. नवरा चिंचोके रंगवत बसलेला. दुकानाला पडदा हवा म्हणून चांगली नेसण्यातली हिरवी साडी मधोमध कापली. त्या वेळची मी किती शहाणी बघा. पुस्तकं फाटू नयेत म्हणून ती चिमट्यांनी दोरीला लावली आणि दोरी बांधली माझ्या हाताच्या उंचीवर! दर पंधरा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या कोपऱ्यात. बोलायचं नाही. मला वाटायचं, काय झकास चाललंय!

मैत्रिणीने दारातूनच बघितलं. "काय गो, वर्ग आहे की लग्नातलं रुखवत?"

मी फुगले. तशी ती जवळ आली. "रागावू नको गो. माझ्या पोरांनी वापरलं तर चालेल ना?"

"वापर की. पण नियम पाळायचे." आणि मी नियमांचा कागद कपाटावर डकवला.

"पाळीन. आणि कोणी विचारलं तर सांगेन, हे सगळं सकाळच्या बाईंचं."

ते वाक्य मी जिवाशी धरून बसले. इतकी वर्षं शिकवत होते, पण कुठल्या साहेबाने वर्गात थांबून दोन शब्द म्हटले नव्हते. चारचौघांत कोणीतरी एकदा माझं नाव घ्यावं, एवढीच हाव होती. म्हणून रोज सकाळी फळीवरची दोनचार वांगी उचकटलेली दिसली, तरी मी तक्रार केली नाही. दुपारची पोरं द्वाड, म्हणायचे, आणि पुन्हा चिकटवायचे.

वर्ग बघायला अधिकारी मॅडम येणार असं कळलं. आठवडाभर मी कडक इस्त्रीची साडी नेसून जात होते. सकाळी काही मॅडम आल्या नाहीत. एक दिवस मी घरी निघाले आणि फाटकातून त्यांची गाडी आत शिरली. छत्री विसरली असं शिपाईमामांना सांगून मी पुन्हा वर पळाले. डिसेंबरात छत्री!

व्हरांड्याच्या खिडकीतून बघते तर दोरी रिकामी, पुस्तकं पोरांच्या मांडीवर. वांगी टोपलीत. दुकानात भाजी नव्हतीच, पुठ्ठ्याचे मासे मांडले होते. संध्याकाळी मैत्रीण सगळं पुन्हा जसंच्या तसं लावून जात असणार. कोळीवाड्यातली एक पोर फतकल मारून बसलेली, समोर जमिनीवर मॅडम.

"महाग सांगतेस गं," मॅडम म्हणाल्या.

"मग पापलेटाला हात नको लावू. बोंबील घे, गप घरी जा!"

वर्ग खदखदून हसला. मॅडमही. एवढा गोंगाट, आणि शिट्टीचा पत्ता नाही.

मॅडम साडी झटकत उठल्या. "कोणाची हो ही कल्पना?"

मैत्रिणीने खिडकीकडे बघितलं. मी तिला दिसले. नजरेला नजर भिडली. मग ती वळून म्हणाली, "माझीच, मॅडम."

दुसऱ्या दिवशी दारात मी तिला अडवलं. "लाज नाही वाटली?"

"खोटं काय बोलले? तुझ्या दुकानात कधी एक गिऱ्हाईक तरी तोंड उघडायचं का?"

"पण तू सांगणार होतीस."

ती डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. आधीच घट्ट होतं ते.

पुढे शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. शिकवायला ती, शिकणाऱ्यांच्या यादीत मी. भिंतीवर फोटो आला, त्यात माझा पडदा. "काही विकत आणू नका," ती सगळ्यांना सांगत होती, "घरातली एखादी जुनी साडी घ्या." जुनी! शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली, "किती हुशार आहेत ना?" मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, दोरी खाली बांधावी.

दुसऱ्या दिवशी दोरी खाली बांधली. शिट्टी कपाटात टाकली, वांगी सुटी केली. माझी पोरं मात्र तशीच हात मागे बांधून उभी. शेवटी एकीने विचारलं, "बाई, खरंच उचलू?" तो प्रश्न मला मैत्रिणीच्या 'माझीच'पेक्षा जास्त लागला. पण म्हणून मी तिला माफ केलं असं नाही. निघताना पडदा काढून पिशवीत घातला.

साडेबाराला ती आली. "पडदा कुठे गेला गो?"

"कोणाचा?"

तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. मी थांबले. तिने दोन अक्षरं म्हणायची होती फक्त, 'तुझा'. मी तो पडदा तिथल्या तिथे परत लावला असता.

"जाऊ दे," ती म्हणाली, "दुसरा लावते."

आणि लावलाही. निळा. माझ्या हिरव्यापेक्षा चांगला दिसायचा, मेला.